बिलावर फक्त ‘लॅपटॉप 1 नग’ असलं म्हणून तक्रार संपत नाही

कागलच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. मुलगा कोल्हापुरात ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यासाठी शहरातल्या एका दुकानातून 82,000 रुपयांना लॅपटॉप घेतला. पैसे देण्याआधी दुकानदारानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं : ‘आय-सेव्हन 13वी जनरेशन, 16 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी, आरटीएक्स 4050 6 जीबी ग्राफिक्स.’ घरी आणल्यावर मुलाच्या मित्रानं बघितलं, तर एसएसडी (फायली साठवायचा आतला भाग) 476 जीबीचा दिसतोय आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 2050, 4 जीबीचं निघालं. दुकानदार म्हणतो, ‘ते मॉडेल संपलं होतं, हे त्याच्याच तोडीचं आहे. विकलेला माल आम्ही परत घेत नाही.’ बिलावर फक्त ‘लॅपटॉप 1 नग’. घेऊन 23 दिवस झाले. पैसे परत मिळतील का, बिलावर काहीच नसताना सिद्ध कसं करायचं, आणि मुलाची सबमिशन तोंडावर असताना तोवर लॅपटॉप वापरू द्यायचा का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, तुमची बाजू बळकट आहे. बिल कच्चं असल्यामुळं तुम्ही जेवढ्या घाबरलाय, तेवढं घाबरायचं कारण नाही. कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात, म्हणजे आधी ज्याला आपण ग्राहक मंच म्हणायचो तिथं, 19 वर्षं मी तक्रारी चालवतोय. कॉम्प्युटरच्या तक्रारींत लोक मशीन सांभाळून ठेवतात आणि दुकानदारानं दिलेल्या शब्दाचा पुरावा हरवतात. खरं म्हणजे मशीनमध्ये काय आहे ते कुणीही पाच मिनिटांत बघून सांगेल. दुकानदारानं काय देतो म्हणून सांगितलं होतं, हे दाखवता येणं हाच या प्रकरणाचा जीव. ते तुमच्याकडं व्हॉट्सॲपवर आहे, त्याच्या नंबरावरून, तारखेसकट.

गुळाचा रवा आपण बघून, चाखून घेतो. कापड हातात धरून घेतो. लॅपटॉप तसा घेता येत नाही. झाकण उघडून आतला एसएसडी किती जीबीचा हे गिऱ्हाईक बघू शकत नाही, तो सांगितलेल्या शब्दांवर पैसे मोजतो. अशा खरेदीसाठी 1930 च्या माल विक्री कायद्यात कलम 15 आहे : वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही विक्रीतली गृहीत अट आहे, कागदावर लिहिलेली असो वा नसो. त्यावर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. कबूल केलेल्या प्रमाणात किंवा दर्जात कमी असणं म्हणजे त्या कायद्यानं ‘दोष’. वस्तू एका दर्जाची आहे असं खोटं सांगून विकणं म्हणजे ‘अनुचित व्यापारी प्रथा’. तुमच्या बाबतीत दोन्ही लागतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तक्रार लिहिताना ती उपयोगी पडेल. तुमच्या मुलाचं म्हणणं असंही आहे की प्रोसेसरपण ‘कमी’ दिला. तो मुद्दा तक्रारीत पुढं आणू नका. मेसेजमध्ये फक्त ‘आय-सेव्हन 13वी जनरेशन’ लिहिलंय. तुम्हाला मिळालेला आय-सेव्हन 1355यू हा 13व्या जनरेशनचाच आय-सेव्हन आहे. मुलाला अपेक्षा असणार 13620एच सारख्याची. दोघांनाही 10 कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, पण 1355यू मध्ये त्यातले 2 मोठे आणि 8 छोटे, तर 13620एच मध्ये 6 मोठे आणि 4 छोटे. पहिल्याची मूळ वीजमर्यादा 15 वॅट, दुसऱ्याची 45. ॲनिमेशनच्या रेंडरिंगला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करण्याला, हा फरक फार मोठा आहे, मुलगा चुकीचं बोलत नाही. पण दुकानदारानं ‘एच’ हे अक्षर कुठंही लिहून दिलेलं नाही. तो मुद्दा तुम्ही रेटलात, तर विरुद्ध पक्षाचा वकील सगळा वेळ त्याच्यावरच बोलेल आणि ज्या दोन मुद्द्यांवर त्याला उत्तर नाही ते बाजूला पडतील. नवीन लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं : प्रोसेसरचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. नुसतं आय-सेव्हन म्हणजे नुसतं ‘म्हैस’ म्हटल्यासारखं आहे. मुऱ्हा का पंढरपुरी, दूध किती, ते त्यात येत नाही.

476 च्या आकड्याचंही समजून घ्या. 512 जीबीचा एसएसडी विंडोजमध्ये 476 च्या आसपासच दिसतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. तसाच 1 टीबीचा 931 दिसतो. 512 सांगितलं आणि 476 दिसतंय म्हणून फसवणूक झाली, असं सांगत दर महिन्याला कोणीतरी माझ्याकडं येतं, त्यांना मी परत पाठवतो. 16 जीबी रॅममधली थोडी ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते, म्हणून 15.7 दिसते, तीही तक्रार नव्हे. ‘10 तासांपर्यंत बॅटरी’ असं लिहिलेलं असेल आणि सहा तास चालली, तरी नुसत्या तेवढ्यावर फारसं काही होत नाही. तुमचं तसं नाही. 1 टीबी सांगून 512 दिला, म्हणजे निम्मा. आणि 4050 च्या जागी 2050 दिलं, म्हणजे खालच्या दर्जाचं आणि 6 च्या जागी 4 जीबी मेमरीचं. हे दोन मुद्दे पुरेसे आहेत.

दुकानदाराचं वाक्य पुन्हा वाचा : ‘ते मॉडेल संपलं होतं, हे त्याच्याच तोडीचं आहे.’ तुम्हाला ते उडवून लावल्यासारखं वाटलं असेल. माझ्या दृष्टीनं ती कबुली आहे. ठरलं होतं ते मॉडेल दिलं नाही, हे तो स्वतःच सांगतोय. पण तो तोंडी बोललाय, उद्या नाकारेल. ते लेखी आणायचं. आज संध्याकाळीच त्याच व्हॉट्सॲप नंबरवर साध्या, शांत भाषेत लिहा : अमुक तारखेच्या तुमच्या मेसेजमध्ये 1 टीबी एसएसडी आणि आरटीएक्स 4050 6 जीबी लिहिलं होतं, मला 512 जीबी आणि आरटीएक्स 2050 4 जीबी मिळालं, हा लॅपटॉप मला मान्य नाही, पैसे परत द्या किंवा ठरलेलं मॉडेल द्या. त्यात शिवी नको, ‘बघून घेतो’ नको, पोलिसांचं नाव नको. तो ‘मॉडेल संपलेलं’ असं परत लिहील, किंवा ‘तुम्ही दुकानात बघून घेतलं’ असं लिहील, किंवा काहीच लिहिणार नाही. तिन्ही आपल्या कामाचं आहे.

ते चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, रिसेट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ई-मेल करा. दाखल करताना सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्याबद्दलचं, प्रमाणपत्र लावायचं, ज्याला जुन्या कायद्यात 65-ब म्हणायचे. आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके कडक नसतात, तरी मी ते लावतोच. विरुद्ध पक्षाला बोट ठेवायला जागा कशाला ठेवायची?

काही वर्षांपूर्वी गडहिंग्लज भागातला एक फोटोग्राफर आला होता. लग्नाच्या सीझनआधी जोडणीचा कॉम्प्युटर घेतला, त्यातलं ग्राफिक्स कार्ड सांगितल्यापेक्षा खालचं. फोन बदलला तेव्हा त्याचं सगळं चॅट गेलं होतं. बिलावर नुसतं ‘कॉम्प्युटर सेट’. मी त्याला म्हटलं, दुकानाचा काहीतरी कागद शोध. चार दिवसांनी तो एक घडी पडलेलं, हळदीचे डाग लागलेलं पत्रक घेऊन आला. दिवाळीत पेपरातून आलेलं, दुकानाच्या ऑफरचं. आईनं ते स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलं होतं. डब्याचा गोल ठसा बरोबर किमतीच्या आकड्याभोवती उमटलेला, आणि त्याच्या खाली ग्राफिक्स कार्डाचं नाव, मेमरीसकट छापलेलं. पत्रकातली किंमत आणि बिलाची रक्कम तंतोतंत एक. नोटिशीबरोबर त्या पत्रकाची झेरॉक्स गेली आणि दुकानदारानं बाराव्या दिवशी कार्ड बदलून दिलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की कोटेशन, पत्रक, दुकानाच्या पानावरचा फोटो, काउंटरवर पेनानं लिहून दिलेली चिठ्ठी, यातलं काहीही टाकू नका.

बिलाचं बघू. दुकानदार जीएसटी नोंदणीकृत असेल तर टॅक्स इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन लिहिणं त्याच्यावर बंधनकारक आहे. लॅपटॉपवरचा कर 18 टक्के, तोही त्यावर दिसला पाहिजे. मॉडेल आणि सीरियल नंबरसकट पक्कं बिल लेखी मागा. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. दिलं तर मॉडेल नंबर कागदावर येतो आणि तो मेसेजशी जुळत नाही, हे त्याच्याच सहीनं दिसतं. तुम्ही पैसे यूपीआयनं दिलेत हे बरं झालं, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्याकडं राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत दिसते आणि माणसं ती वाचून गप्प घरी जातात, याचं मला फार वाईट वाटतं. रंग आवडला नाही, मन बदललं, तर ती पाटी चालेल. माल सदोष असेल तर ती चालत नाही. सदोष माल परत न घेणं आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं हीच मुळी कायद्यानं अनुचित प्रथा आहे. तुमचे 23 दिवस झालेत. म्हणून हा लेखी नकार 30 दिवसांच्या आत त्याच्याकडं पोचला पाहिजे, याबाबतीत आळस नको.

मशीनला हात लावू नका, असं मी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मागचं झाकण उघडू नका. मित्र हुशार असेल, तरी नको. एकदा स्क्रूवर ओरखडा आला की विरुद्ध पक्षाचं म्हणणं तयार : ‘आम्ही 1 टीबी दिला होता, यांनीच काढला.’ त्याऐवजी लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि आत काय आहे ते जॉबशीटवर, म्हणजे त्यांच्या तपासणीच्या कागदावर, लिहून मागा. तळाच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, की हा नग कारखान्यातून काय घेऊन निघाला आणि वॉरंटी कधी सुरू झाली, ते बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत कळतं. यातूनच जबाबदार कोण तेही ठरतं. कारखान्याच्या नोंदीत 512 जीबी आणि 2050 असेल, तर कंपनीनं काही खोटं केलेलं नाही, खोटं दुकानदारानं सांगितलं. नोंदीत 1 टीबी असेल आणि आत 512, तर वाटेत कोणीतरी बदललंय. खोक्यावरच चुकीचं छापलेलं असेल, तर कंपनीलाही पक्षकार करायचं. खोकं, त्यावरचं लेबल, आतले कागद, सगळं ठेवा.

बघता बघता आणखी दोन तपासण्या करून घ्या. एसएसडी किती तास चालला आहे ते मोफत मिळणारी साधी सॉफ्टवेअरं सांगतात, आणि विंडोज स्वतः बॅटरीचा रिपोर्ट बनवून देतं, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी असतात. 23 दिवसांच्या मशीनवर एसएसडी हजारो तास चाललेला दिसला, किंवा बॅटरीची क्षमता खूप घटलेली दिसली, तर तुम्हाला डेमोचा किंवा परत आलेला नग नवा म्हणून विकलाय. तसं निघालं तर तो वेगळा मुद्दा म्हणून तक्रारीत घाला, तो फार वजनदार ठरतो.

यानंतर नोटीस. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण मी नोटिशीशिवाय तक्रार दाखल करत नाही. एक पान पुरतं : काय ठरलं, काय मिळालं, काय हवं, 15 दिवस मुदत. स्पीड पोस्टानं, पोहोच मिळेल अशी पाठवा, आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ती मराठीतही घेतात. हेल्पलाइनला निकाल द्यायचा अधिकार नाही, ती मध्ये पडून बोलणी करते, पण तक्रार क्रमांक हातात आला की काही दुकानदार फोन उचलायला लागतात. माझ्याकडच्या अशा प्रकरणांतली बरीचशी इथंच मिटतात.

मिटलं नाही, तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. हल्ली हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून लोक मला विचारतात, तिकडं जायचं का. नाही, या कामाला तिकडं जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत शुल्कच नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आधी ई-दाखिल होतं, 2025 पासून ई-जागृती आलंय. मुदत घटनेपासून 2 वर्षं. दुकान पुण्याचं असतं किंवा विक्रेता बंगळूरचा असता, तरी तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यात राहता म्हणून इथंच तक्रार करता आली असती. 2019 च्या कायद्यानं दिलेली ही सोय आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या लोकांसाठी फार मोलाची आहे. आधी दुकानाच्या गावाला खेटे घालावे लागायचे आणि तिथंच माणूस नाद सोडायचा.

मागणी काय करायची? पैसे व्याजासह परत, पर्यायानं ठरलेलं मॉडेल, मानसिक त्रासाची आणि खर्चाची रक्कम. मानसिक त्रासाचे पाच-दहा लाख लिहायचा मोह आवरा. 82,000 च्या लॅपटॉपवर तसा आकडा वाचला की तक्रारीतल्या बाकीच्या खऱ्या मजकुराचंही वजन कमी होतं. विरुद्ध पक्षाला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून म्हणणं द्यायला 30 दिवस, त्यावर आयोग फार तर आणखी 15 देऊ शकतो. 45 दिवसांपलीकडं मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये पक्कं केलंय. तपासणीची गरज नसलेली तक्रार 3 महिन्यांत आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला. म्हणूनच सर्व्हिस सेंटरची जॉबशीट आणि जमलं तर एखाद्या जाणकार इंजिनिअरचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच लावायचं, तपासणीचा फेरा वाचतो. निकालानंतरही त्यानं पैसे दिले नाहीत तर कलम 72 आहे : एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा 25,000 ते 1 लाख दंड, किंवा दोन्ही. निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त लावली की बहुतेकांचे चेक येतात.

हाच लॅपटॉप तुम्ही ऑनलाइन घेतला असता, तर 2020 चे ई-कॉमर्स नियम लागले असते. जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. ऑनलाइन घेणाऱ्यांनी खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढावा, पत्त्याच्या लेबलापासून मशीन सुरू होऊन तपशील दिसेपर्यंत, मध्ये न थांबवता.

उद्यमनगरातले एक जण आणि दोन डीटीपीवाले मला विचारून गेलेत, ‘आम्ही धंद्यासाठी घेतलाय, मग आम्ही ग्राहक नाही का?’ व्यापारी हेतूनं घेणारा ग्राहक नव्हे, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’तून वगळलेली आहे, आणि लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते समजावून सांगितलंय. एकट्यानं दुकान चालवणारा, स्वतः मशीनवर बसणारा माणूस ग्राहकच. फक्त तक्रारीत ते वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहायला विसरू नका, नाहीतर पहिला आक्षेप त्यावरच येतो.

तुम्ही हप्त्यावर घेतला नाहीत, पण वाचणाऱ्यांत कोणी असेल तर : रागानं हप्ते थांबवू नका. कर्ज हा वित्तकंपनीशी वेगळा करार आहे, सिबिल तुमचा बिघडेल. भरलेल्या व्याजाची रक्कम आयोगात मागता येते.

मुलाचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. तक्रार करून तोच लॅपटॉप वर्षभर नव्यासारखा वापरत राहिलात, तर ‘माल स्वीकारलाच होता’ असं म्हणायला त्यांना जागा मिळते. माल विक्री कायद्यात तसं कलमही आहे, 42. आणि मुलगा सबमिशन कशावर करणार, हाही प्रश्न खराच. माझं सांगणं असं : आधी लेखी नकार जाऊ दे, मग जॉबशीट होऊ दे. त्यानंतर कॉलेजची लॅब किंवा मित्राचं मशीन मिळतंय का बघा. नाहीच मिळालं, तर या लॅपटॉपवर गरजेपुरतं काम करावं, आणि दुकानदाराला एक ओळ लिहून कळवावं की दुसरी सोय नसल्यानं, हक्क राखून, तात्पुरता वापरतोय. वरून रॅम घालायची नाही, एसएसडी बदलायचा नाही, विंडोज नव्यानं टाकायचं नाही. रेंडर चालू असताना ग्राफिक्सची मेमरी भरल्याची सूचना स्क्रीनवर आली, तर त्याला तिचा तारखेसह फोटो काढून ठेवायला सांगा, 6 च्या जागी 4 दिल्यानं नेमकं कुठं अडलं ते त्यात दिसेल. जॉबशीट हातात आली की तिच्यासह मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन या, नोटीस आपण एकत्र बसून लिहू.